रोजच्या पैशाचा महिना



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी रात्रीच्या वर्गात कष्टकऱ्यांना जमाखर्च लिहायला शिकवला. त्यामुळे संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मला फार शोधावं लागलं नाही. ज्यांची कमाई आज आहे, उद्या नाही आणि परवा दुप्पट आहे, अशा माणसांनी पैशाचा संसार कसा करावा, आणि तो त्यांना एकट्यानं ओढावा लागू नये म्हणून काय करता येईल, याबद्दल मी बोलणार आहे.

पुणं एकेकाळी पेन्शनरांचं शहर म्हणून ओळखलं जाई. सरकारी कचेऱ्या, लष्कराची खाती, शाळा-कॉलेजं, पुढे पिंपरी-चिंचवडचे कारखाने, आणि त्यानंतर हिंजवडी. इथली पैशाची सगळी शिकवण एक तारखेच्या पगारातून आली. पगार झाला की आधी शिल्लक बाजूला काढा, मग वाणी, मग दूधवाला, मग हप्ते. शिकवण चांगलीच आहे. पण अंथरूण पाहून पाय पसरावे असं आपण ज्याला सांगतो, त्याचं अंथरूण रोज वेगळ्या लांबीचं निघत असेल तर त्यानं पाय कोणत्या मापानं पसरायचे?

अशी माणसं या शहरात थोडी नाहीत. स्वारगेटला शिफ्टनं रिक्षा चालवणारा, मंडईत पालेभाजी घेऊन बसणारी, लग्नात ढोल वाजवणारा, सदाशिव पेठेत विद्यार्थ्यांची मेस चालवणारी काकू, दक्षिणेवर घर चालवणारे गुरुजी, नाटकाच्या प्रयोगाला नाईट घेणारा बॅकस्टेजचा कामगार, हॉटेलातला वेटर, आणि आता पाठीवर चौकोनी बॅग लावून डिलिव्हरी देत फिरणारी हजारो मुलं. मी सहकारी बँकेच्या कर्जविभागात नोकरी केली. तिथे टेबलापलीकडे ही माणसं बसत आणि आमचा पहिला प्रश्न असे, पगाराची स्लिप आणली आहे का? स्लिप नसलेला माणूस वर्षाला किती कमावतो, हे विचारायला आमच्या अर्जात रकानाच नव्हता.

या लोकांबद्दल एक समज घट्ट बसलेला आहे की त्यांना हिशेब कळत नाही, आला पैसा की उडवतात. माझा अनुभव याच्या नेमका उलट आहे. पगारदाराला महिन्यातून एकदा हिशेब केला तरी चालतो, हातावर पोट असलेल्याला तो रोज करावा लागतो. २००९ साली ‘पोर्टफोलिओज ऑफ द पुअर’ नावाचं पुस्तक निघालं. डॅरिल कॉलिन्स, जोनाथन मॉर्डक, स्टुअर्ट रदरफोर्ड आणि ऑर्लांडा रुथवेन या चौघांनी बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सुमारे अडीचशे गरीब कुटुंबांच्या पैशाच्या डायऱ्या वर्षभर नोंदवल्या. त्यांना दिसलं ते असं, की उत्पन्न जितकं कमी आणि बेभरवशाचं, तितके पैशाचे व्यवहार जास्त. शेजारणीकडे ठेवायला दिलेले दोनशे, दुकानदाराची उधारी, गटाचं कर्ज, नात्यातली उसनवारी, हे सगळं एकाच घरात एकाच वेळी चालू असतं. म्हणजे हिशेबाची अक्कल आहेच. अडचण आहे ती पैसा येण्याची वेळ आणि पैसा लागण्याची वेळ जुळत नाही, याची.

घरभाडं, रिक्षाचा हप्ता, शाळेची फी, विजेचं बिल यांच्या तारखा पक्क्या असतात. बँकेचा हप्ता ठरल्या तारखेला खात्यातून जातो. त्या दिवशी खात्यात दीडशे रुपये कमी असले तरी तो परत जातो आणि वर दंड लागतो. दोन दिवसांनी गणपतीची गर्दी सुरू होणार असते, पण तारीख थांबत नाही. मग तो माणूस सावकाराकडे जातो. महिन्याला दहा टक्के हा दर ऐकायला छोटा वाटतो. वर्षाचा तो १२० टक्के होतो. खासगी सावकारीला वेसण घालण्यासाठी राज्यानं २०१४ साली कायदा केला, परवाने आणि दर ठरवले. तरी घाईच्या रात्री लागणारे पाच हजार देणारा माणूस वस्तीत बिनपरवान्याचाच भेटतो.

आता एक गोष्ट मला जोर देऊन सांगायची आहे. आपण ज्याला अनियमित म्हणतो त्यातलं पुष्कळसं पंचांगात छापलेलं असतं. पितृपंधरवड्यात मंगल कार्यालयं ओस पडतात आणि गुरुजींना जेवायला फुरसत नसते. चातुर्मासात बँडवाला रिकामा, तुळशीचं लग्न लागलं की त्याला झोप नाही. २०२६ साली १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. ऐन लग्नसराईतला महिना गेला. बँड, आचारी, वाढपी, फोटोग्राफर, मेंदी काढणाऱ्या मुली या सगळ्यांची त्यात कमाई बुडते, आणि तो अधिक महिना येणार हे कितीतरी वर्षं आधी माहीत असतं. एप्रिल-मे लागला की विद्यार्थी गावी जातात आणि मेसवाल्या काकूंची पानं निम्म्यावर येतात. शाळेच्या व्हॅनवाल्याला सुट्टीत पैसे नाहीत. घरकामाच्या बाईला दिवाळीला एक पगार जादा मिळतो, आणि मे महिन्यात मालकीण परगावी गेली की काही घरं त्याच बाईचा पगार कापतात, जी मला अतिशय हलकी गोष्ट वाटते. हे सगळं हंगामी उत्पन्न आहे. शेतकऱ्याला हंगाम कळतो, कारण तो त्याला हंगामच म्हणतो. शहरातला माणूस त्याला नशीब म्हणतो आणि तयारी करत नाही.

तयारी म्हणजे काय, ते आकड्यात सांगतो. समजा, एका रिक्षावाल्याची गॅस आणि रिक्षाचं भाडं वजा जाता वर्षाची कमाई २,४०,००० रुपये आहे. सरासरी महिना २०,०००. पण ती येते कशी? चार महिने १३,०००, चार महिने २०,००० आणि चार महिने २७,०००. हा माणूस २७,००० च्या महिन्यात २७,००० चं घर चालवतो आणि १३,००० च्या महिन्यात कर्ज काढतो. त्यानं सरासरी पकडून २०,००० खर्चायचे ठरवले तरी धोका आहे, कारण सुरुवात मंदीच्या महिन्यात झाली तर चार महिन्यांत २८,००० ची तूट आधी येते. त्यानं स्वतःला १७,००० रुपये पगार लावून घ्यावा. सरासरीच्या खाली, मंदीच्या वर. मंदीचे चार महिने मिळून १६,००० कमी पडतील. मधल्या महिन्यांत १२,००० उरतील, तेजीच्या महिन्यांत ४०,०००. वर्षाअखेर ३६,००० हातात. त्यातून रिक्षाचं पासिंग, इन्शुरन्स, जूनमधली शाळेची खरेदी आणि एखादं आजारपण निघतं.

यासाठी दोन खाती लागतात. धंद्याचा सगळा पैसा एका खात्यात, आणि दर सोमवारी ठरलेली रक्कम दुसऱ्या, घरच्या खात्यात. आठवड्याची रक्कम, कारण किराणा आठवड्याला लागतो आणि महिनाभर मोठी रक्कम समोर पडून राहिली की नातेवाइकांची गरज नेमकी तेव्हाच निघते. एका रिक्षावाल्याच्या बायकोनं मला वही दाखवली होती. डाव्या पानावर रोजचा गल्ला, उजव्या पानावर फक्त सोमवार. सणाच्या आठवड्यातही उजवीकडचा आकडा बदललेला नव्हता. त्या बाईंचं शिक्षण सातवीपर्यंतचं.

आकडा कधी ठरवायचा, तेही महत्त्वाचं. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांची एक पाहणी २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आली. त्याच शेतकऱ्यांची तोडणीच्या आधी, हात तंग असताना, आणि नंतर, पैसा आल्यावर, बुद्धीची चाचणी घेतली. माणूस तोच, पण तंगीच्या दिवसांतले त्याचे गुण कमी आले. म्हणजे टंचाई डोक्यातली जागा खाते. म्हणून पगार किती लावायचा, कुठलं कर्ज घ्यायचं, मुलीला कोणत्या शाळेत घालायचं, हे दिवाळीनंतरच्या सैल हातानं ठरवावं, मेअखेरच्या तंगीत नव्हे. न्यूयॉर्कच्या टॅक्सीचालकांवर १९९७ साली कॉलिन कॅमेरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं लिहिलं की चालक दिवसाचं लक्ष्य ठरवतात, ते लवकर पुरं झालं की घरी जातात आणि मंदीच्या दिवशी उशिरापर्यंत राबतात. पुढे या निष्कर्षावर अर्थशास्त्रज्ञांत बराच वाद झाला. पण आपल्याकडे ‘आज धंदा झाला, आता घरी’ हे वाक्य रिक्षाथांब्यावर रोज ऐकू येतं. शक्य असेल त्यानं उलट करावं, चांगल्या दिवशी दोन तास जादा आणि रिकाम्या दिवशी लवकर घरी. ज्याला मालकाचं शिफ्टचं भाडं भरायचं आहे त्याला हे नेहमी जमत नाही, हेही मला माहीत आहे.

वेटरची गोष्ट थोडी निराळी. हॉटेलात राहून काम करणारी पुष्कळ मुलं पगार गावी पाठवतात आणि टिपेवर इथं भागवतात. बडीशेप आणि साखरेच्या ताटलीत सुटे पैसे पडत. क्यूआर कोड आल्यापासून बिल पै न पै चुकतं होतं आणि ताटली रिकामी परत जाते. टिपेला कायद्याच्या दृष्टीनं काय म्हणायचं, यावर सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली आयटीसीच्या खटल्यात निकाल दिला: ग्राहकानं दिलेली टिप हा मालकानं दिलेला पगार नव्हे, म्हणून मालकानं त्यावर पगारासारखा कर कापायचा नाही. तिथे प्रश्न करकपातीचा होता. पण जे पगार नाही ते भविष्यनिर्वाह निधीत धरलं जात नाही, आणि कर्जाच्या अर्जातही दिसत नाही. म्हणून टिप रोजच्या रोज खात्यात भरावी, निदान आठवड्याला एकदा, आणि वर्षाला आयकराचं विवरणपत्र भरावं, कर लागू होत नसला तरी. पगाराची स्लिप नसलेल्या माणसासाठी तेच एक कागदपत्र कर्जाच्या टेबलावर मान मिळवतं.

बचतीच्या साधनांतही पगारदारासाठी बेतलेलं आणि आपल्याला सोसणारं असा फरक आहे. आवर्ती ठेवीत हप्ता चुकला की दंड. पीपीएफमध्ये वर्षाला किमान ५०० रुपये भरले की खातं जिवंत, बाकी कमाल मर्यादेच्या आत जमेल तेव्हा, जमेल तितकं. अटल पेन्शन योजनेत चाळिशीच्या आत शिरावं लागतं, पण हप्ता सहामाहीही ठेवता येतो. आणि बँकेतून निघणारे दोन सरकारी विमे: अपघाताचा २० रुपयांचा आणि आयुर्विम्याचा ४३६ रुपयांचा, दोन्ही दोन-दोन लाखांचे. त्यांचे पैसे मेअखेर खात्यातून कापले जातात, म्हणजे मंदीच्या नेमक्या त्याच दिवसांत. त्या आठवड्यात खात्यात ४५६ रुपये नसले तर वर्षभराचं छत्र जातं. बायकांनो, मे महिन्याच्या कॅलेंडरवर हा आकडा लाल शाईनं लिहून ठेवा.

रोजच्या पैशाला रोज येऊन घेऊन जाणारा माणूस हा मला आपल्याकडचा मोठा शोध वाटतो. १९२८ साली उडुपीत टी. एम. ए. पै यांच्या बँकेनं, जी पुढे सिंडिकेट बँक झाली, पिग्मी ठेव सुरू केली. एजंट दारावर येई आणि दोन आणेसुद्धा घेई. महाराष्ट्रातल्या पतसंस्थांनी ती पद्धत गल्लोगल्ली नेली. व्याज बेताचं, पण टपरीवाल्याच्या गल्ल्यातून संध्याकाळी शंभर रुपये बाहेर पडतात, हीच तिची किंमत. भिशीचंही तेच. आपली पाळी येईपर्यंत इतर अकरा जणी वाट बघत असतात, म्हणून बाई हप्ता चुकवत नाही. मात्र भिशी चालवणारी व्यक्ती पैसे घेऊन गेली तर दाद मागायला कागद नसतो, आणि पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखं ठेवविम्याचं संरक्षण नसतं. बँकेत ते पाच लाखांपर्यंत आहे. २०१३ साली रुपी बँकेवर रिझर्व्ह बँकेनं निर्बंध घातले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना गेला. मधली वर्षं ठेवीदारांनी कशी काढली, ते या सभागृहातल्या काहींना आठवत असेल. नियमित पगार असलेल्याची ठेव अडकली तर तो चिडतो. हातावर पोट असलेल्याची अडकली तर त्याची चूल अडकते. एका टोपलीत सगळं ठेवू नये, एवढंच त्यावर सांगतो.

इथपर्यंत मी एकेकट्या माणसाबद्दल बोललो. पण एकेकट्यानं हे पेलणं फार अवघड आहे, आणि पुण्यात ज्यांनी ते उत्तम पेललं त्यांनी एकट्यानं पेललेलं नाही. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जा. हमाल टोळीनं काम करतात. ट्रक आला, पोती उतरली, थप्पी लागली, आणि दिवसाची हमाली टोळीत वाटली गेली. ज्या गाळ्यावर आज माल आला नाही तिथला हमालही टोळीच्या वाट्यात असतो. एकाचा वाईट दिवस दुसऱ्याच्या चांगल्या दिवसात मुरतो. डॉ. बाबा आढावांनी १९५० च्या दशकात हमाल पंचायत उभी केली, तेव्हा मजुरीच्या दराइतकंच लक्ष त्यांनी हमालाच्या खर्चाकडे आणि म्हातारपणाकडे दिलं. घरापासून दूर राहणाऱ्या हमालाला स्वस्त आणि पोटभर जेवण मिळावं म्हणून १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ सुरू झाली. उत्पन्न हलत असेल तर निदान ताटाचा खर्च हलू नये, हा त्यामागचा व्यवहार मला आजही शिकवण्यासारखा वाटतो.

आणि मग १९६९ चा माथाडी कायदा. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून बऱ्याच देशांतल्या योजना वाचल्या, पण बेभरवशाच्या कमाईवर इतका नेमका उपाय क्वचित पाहिला. हमालाला एक मालक नसतो. सकाळी एका व्यापाऱ्याचं पोतं, दुपारी दुसऱ्याचं. मग भविष्यनिर्वाह निधी कोण भरणार, ग्रॅच्युइटी कोण देणार? कायद्यानं मध्ये मंडळ बसवलं, ज्यात मालक, कामगार आणि सरकार तिघांचे प्रतिनिधी. व्यापाऱ्यानं मजुरी मंडळाकडे भरायची, आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्यानं लेव्ही. मंडळ महिन्याला हमालाच्या नावावर पगार जमा करणार, आणि लेव्हीतून निधी, बोनस, रजा, ग्रॅच्युइटी, औषधपाणी. चाळीस वेगवेगळ्या गाळ्यांवरून आलेल्या मजुरीचा एक महिना बनला. पोतं उचलणाऱ्या माणसाच्या हातात पासबुक आलं. मघाशी सांगितलेली ती दोन खाती, ती या कायद्यानं हजारो माणसांसाठी एकदम उघडली.

ही व्यवस्था निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. नोंदणीबाहेर राहिलेले कामगार पुष्कळ आहेत. लेव्ही चुकवणारे मालक आहेत. माथाडीच्या नावाखाली खंडणी मागणाऱ्या टोळ्यांच्या तक्रारी औद्योगिक वसाहतींतून येतात, आणि त्यांनी खऱ्या हमालाचं सर्वांत जास्त नुकसान केलं आहे. तरी मूळ रचना खरी आहे.

कचरावेचकांचं उदाहरण याच्याच जवळचं. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली स्थापन झाली. तोपर्यंत बाईचं उत्पन्न भंगाराच्या भावावर होतं, आणि तो भाव जगाच्या बाजारात ठरतो. २००८ च्या अखेरीस मंदी आली तेव्हा भंगार गडगडलं. त्याच वर्षी ‘स्वच्छ’ या त्यांच्या सहकारी संस्थेनं महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करायला घेतला आणि घरामागे दरमहा शुल्क मिळू लागलं. भंगार वर-खाली होतं, शुल्क ठरलेलं असतं. एका बाईच्या कमाईला एक स्थिर पाय मिळाला. मग तिची पतसंस्थेतली बचत वाढते आणि कर्ज फिटतं, हे ओघानंच आलं. सोसायटीत कोणी शुल्काचे पैसे दोन-दोन महिने थकवत असेल, तर तो पाय आपणच काढून घेत असतो, हे लक्षात ठेवावं. नोंदणीचंही महत्त्व इथेच कळतं. २०२१ च्या टाळेबंदीत राज्यानं परवानाधारक रिक्षाचालकांना आणि नोंदणीकृत घरेलू कामगारांना १,५०० रुपये जाहीर केले. रक्कम तोकडीच होती. पण यादीत नाव नसलेल्याला तीही नव्हती.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो मला सर्वांत निकडीचा वाटतो. पाठीवर बॅग लावून फिरणारी ती मुलं आजची हमाल आहेत. पोतं हलकं आहे, मालक दिसत नाही, आणि ऑर्डर देणारा मोबाईल दर वेळी नवा दर दाखवतो. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० साली झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात पहिल्यांदा या कामगारांचं नाव आलं. कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के निधीत द्यायचे, कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत. राजस्थाननं २०२३ साली स्वतःचा कायदा केला, कर्नाटकनं २०२५ साली. कर्नाटकात शुल्क प्रत्येक व्यवहारातल्या कामगाराच्या मोबदल्यावर कंपनीकडून आकारायचं ठरलं आहे. ही रीत माझ्या कानाला ओळखीची आहे, कारण ती आपल्या लेव्हीची रीत आहे.

ज्या राज्यानं १९६९ साली ती हमालांसाठी कायद्यात आणली, त्या राज्यात डिलिव्हरीच्या मुलांसाठी मंडळ स्थापन करताना तीन गोष्टी लिहून घ्याव्यात अशी माझी मागणी आहे. कल्याण निधीबरोबर मोबदलाही मंडळामार्फत, कामगाराच्या मर्जीनं, ठरलेल्या तारखेला घेण्याची सोय हवी. ग्राहकानं दिलेली टिप वेगळ्या रकान्यात पूर्ण दिसली पाहिजे, तिच्यातून एक पैसाही कापला जाता कामा नये. आणि त्या मंडळाचं वार्षिक पत्रक बँकांनी उत्पन्नाचा दाखला म्हणून स्वीकारलं पाहिजे. पुण्याच्या माथाडी मंडळात बसून पगारपत्रकं केलेले कारकून अजून हयात आहेत. नियम लिहायला बसण्याआधी कामगार खात्यानं त्यांना एकदा बोलावून घ्यावं.